नवा बोल्ट, नवी स्प्रिंग, तरी सिलिंडर जागेवर थांबत नाही: सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये परत परत येणारे बिघाड

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच धर्तीची असते. घोडा (हॅमर) मागे ओढून चढवला की सिलिंडर कधी बरोबर थांबतो, कधी खाच ओलांडून पुढे निघून जातो. बोल्ट बदलला, काही दिवस ठीक चाललं, मग पुन्हा तेच. किंवा आतली दोन पायांची स्प्रिंग तुटली, नवी टाकली, तीही त्याच जागी तुटली. अशा वेळी तिसरा नवा भाग मागवण्याआधी थांबा. या यंत्रणेत जो भाग तुटतो तो बहुतेकदा मार खाणारा असतो, मार देणारा शेजारी असतो. तो शेजारी सापडेपर्यंत कितीही भाग बदलले तरी बिघाड परत येणारच.

सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे प्रत्येक गोळीआधी घोडा हाताने चढवावा लागणारी बंदूक. इथलं सगळं १८७३च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीला आणि तिच्या नकलांना लागू आहे. आतली रचना त्याहून जुनी आहे. १८५१ची नेव्ही आणि १८६०ची आर्मी या दारू ठासायच्या कोल्टमध्येही घोडा, चाप, बोल्ट, हँड आणि स्प्रिंगा याच नात्याने काम करतात, म्हणून बरीचशी माहिती त्यांनाही चालेल. रुगर कंपनीने १९५३ साली सिंगल सिक्समध्ये पट्टीच्या स्प्रिंगांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आणल्या आणि १९७३ साली न्यू मॉडेलमध्ये ट्रान्स्फर बार घातला, म्हणजे चाप ओढलेला असतानाच घोड्याचा फटका फायरिंग पिनपर्यंत पोचवणारी पट्टी. न्यू मॉडेलमध्ये अर्ध्या चढीची (घोडा अर्धा मागे आणून अडवणारी) खाच नाही आणि लोडिंग गेट (काडतुसं भरायचं बाजूचं झाकण) उघडलं की सिलिंडर मोकळा होतो. खालच्या चाचण्या त्या बंदुकीवर जशाच्या तशा करू नका.

शब्द आधी जुळवून घेऊ. घोडा म्हणजे हॅमर, चाप म्हणजे ट्रिगर. बोल्ट म्हणजे नट-बोल्टमधला बोल्ट नव्हे. फ्रेमच्या तळातून वर येऊन सिलिंडरच्या खाचेत शिरणारी जी खिट्टी असते तिला बोल्ट म्हणतात. हँड म्हणजे घोड्याला डाव्या बाजूने अडकवलेली, सिलिंडरच्या मागच्या दात्यांना वर ढकलून तो फिरवणारी पट्टी. कॅम म्हणजे घोड्याच्या खालच्या भागातला छोटा उंचवटा. बोल्टच्या दोन पायांपैकी एक त्यावर चढतो. आणि दोन पायांची स्प्रिंग म्हणजे एका स्क्रूने फ्रेमला धरलेली पट्टी, जिचा एक पाय बोल्टला दाबतो आणि दुसरा चापाला.

आधी बंदूक रिकामी, मग बाकी सगळं

घोडा अर्ध्या चढीवर आणा, गेट उघडा आणि सिलिंडर हाताने फिरवत काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी पाहा, शिवाय बोटानेही चाचपा. सहा मोजा. एक घर नजरेतून सुटलं म्हणून झालेले अपघात याच पायरीवर झालेले आहेत. खऱ्या काडतुसांचा डबा त्या खोलीतसुद्धा ठेवू नका. घोडा पुन्हा पुन्हा पाडून पाहायचा असेल तर डमी काडतुसं वापरा. कोल्टच्या पद्धतीत फायरिंग पिन घोड्यालाच असते आणि रिकामी आदळून तिचं टोक व फ्रेममधलं तिचं भोक दोन्ही खराब होतात.

घरी दुरुस्ती करायला तुमच्याकडचा कायदा परवानगी देतो का, हेही आधी बघा. देत नसेल तर खालच्या चाचण्यांतून दोष ओळखा आणि परवानाधारक कारागिराला तो नेमक्या शब्दांत सांगा. “बिघडली आहे” असं सांगण्यापेक्षा “तिसऱ्या दात्यावर बोल्ट उशिरा पडतो” असं सांगितलं तर काम निम्मं होतं.

उघडण्याआधी ज्या गोष्टी सुटतात

पुष्कळदा दोष आत नसतोच. सिलिंडर जड फिरतोय किंवा अडकतोय तर आधी त्याच्या मधली पिन काढा. पिनेवर आणि सिलिंडरच्या पुढच्या बुशवर (पिनेभोवतीच्या नळकांड्यावर) काजळी चिकटून घट्ट झालेली असते, काळ्या दारूच्या काडतुसांत तर फारच. मागच्या बाजूला प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, फटक्याने पेटणारी टोपी) नीट खोल बसलेलं नसेल तर ते फ्रेमला घासतं. धक्क्याने गोळी काडतुसातून पुढे सरकली असेल तर तिचं टोक नळीच्या मागच्या तोंडाला अडतं. दोन्ही वेळा आतल्या भागांना दोष देऊन काही उपयोग नाही.

आणखी एक फसवा बिघाड: घोडा पूर्ण खाली जात नाही, प्रायमरवर हलकीच खूण उमटते. पुष्कळ इटालियन नकलांच्या मधल्या पिनेला दोन खाचा असतात. पिन एक पायरी आत ढकलली की तिचं मागचं टोक घोड्याला अडवतं. ती सुरक्षेसाठीच केलेली सोय आहे, पण साफसफाईनंतर पिन चुकून दुसऱ्या खाचेत बसते आणि माणूस मुख्य स्प्रिंग बदलायला निघतो. पिन पहिल्या खाचेवर आणा आणि मगच पुढचा विचार करा. उलट, गोळीच्या धक्क्याने पिन पुढे सरकत असेल तर तिला धरणाऱ्या आडव्या खिट्टीची स्प्रिंग मेलेली आहे.

लक्षणावरून भाग ओळखा

घोडा अगदी सावकाश चढवा आणि कान द्या. कोल्टच्या रचनेत चार आवाज येतात: सुरक्षेची खाच (घोडा जेमतेम मागे धरणारी पहिली), अर्धी चढ, बोल्ट सिलिंडरवर पडल्याचा टक आणि शेवटी पूर्ण चढ. यातला तिसरा आवाज हीच निदानाची किल्ली आहे.

तिसरा आवाज येतच नाही आणि सिलिंडर पूर्ण चढीवरही हाताने मोकळा फिरतो? दोन पायांच्या स्प्रिंगचा बोल्टकडचा पाय तुटला आहे. घोडा जरा मागे येऊन थबकतो आणि सिलिंडर हलतच नाही? बोल्टचा कॅमवर चढणारा पाय मोडला आहे. बोल्ट खाली उतरत नाही, म्हणून सिलिंडर कुलूपबंद राहतो. अशा वेळी घोडा जोराने ओढू नका, हँड आणि दाते दोन्ही बाद होतील. चाप लोंबकळतो आणि घोडा चढलेला राहत नाही? त्याच स्प्रिंगचा चापाकडचा पाय तुटला आहे, किंवा चापाचं टोक.

हँडच्या स्प्रिंगची परीक्षा सोपी आहे. रिकामी बंदूक नळी खाली करून धरा आणि घोडा चढवा. मग नळी वर करून तेच करा. नळी खाली असताना सिलिंडर फिरतो आणि वर असताना फिरत नाही, तर हँडची स्प्रिंग गेली. हँड स्वतःच्या वजनाने पुढे पडतो तेव्हाच दात्यात अडकतो, मागे पडला की निसटतो.

सिलिंडरवर खाचांच्या मधोमध गोल ओरखडा उमटलाय का तेही पाहा. बोल्ट लवकर पडत असेल तर ही रेघ उमटते. पण नवीन बंदुकीवर ती दिसली तर आधी हाताची सवय तपासा. अर्ध्या चढीवर बोल्ट खाली ओढलेला असतो आणि सिलिंडर कुठेही थांबलेला असू शकतो. तिथूनच घोडा खाली सोडला की बोल्ट दोन खाचांच्या मध्ये कोऱ्या पृष्ठभागावर येऊन टेकतो आणि पुढे सिलिंडर फिरला की रेघ ओढतो. अर्ध्या चढीवरून घोडा कधीच खाली सोडायचा नाही. आधी पूर्ण चढवायचा, मग अंगठ्याने धरून उतरवायचा. हे एवढं पाळलं तर कितीतरी बोल्ट वाचतात.

उघडताना

स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण भरून बसणारं आणि कडा समांतर घासलेलं हवं. पाचरीसारख्या निमुळत्या पात्याने स्क्रूची खाच फाटते आणि पुढच्या वेळी तो निघत नाही. स्क्रू दिसायला सारखे असतात, पण लांबी आणि डोकं वेगळं असतं. म्हणून पुठ्ठ्यावर बंदुकीची आकृती काढून जो जिथला तो तिथे टोचून ठेवा.

क्रम असा:

१. मधली पिन आणि सिलिंडर काढा, घोडा उतरवून ठेवा.

२. मुठीच्या मागच्या पट्टीचे स्क्रू काढा. एक मुठीच्या तळाशी, दोन घोड्याच्या दोन्ही अंगांना. एकसंध लाकडी मूठ पट्टीबरोबर निघते. दोन फळ्यांची असेल तर तिचा स्क्रू आधी काढा.

३. मुख्य स्प्रिंगचा स्क्रू ढिला करून ती बाजूला घ्या. तिच्यात ताण असतो, चेहरा लांब ठेवा.

४. चापाच्या कड्याचे तीन स्क्रू काढा, एक पुढे आणि दोन मागे. आता दोन पायांची स्प्रिंग दिसेल. ती काढण्याआधी फोटो घ्या, कोणता पाय कुणावर टेकलाय हे नंतर आठवत नाही.

५. ती स्प्रिंग, मग चाप आणि बोल्ट यांचे आडवे स्क्रू काढा.

६. शेवटी घोड्याचा स्क्रू. घोडा आणि त्याला अडकलेला हँड एकत्रच सावकाश बाहेर घ्या. हँडची पातळ स्प्रिंग फ्रेमच्या चरात अडकते. तिथे ओढाताण केली की ती वाकते आणि नवीन बिघाड तयार होतो.

सगळं बाहेर आलं की केरोसीनने धुऊन भिंगाखाली पाहा. तुटलेल्या जागेचा रंग पाहणं फार महत्त्वाचं आहे. तुटीचा काही भाग काळपट किंवा गंजलेला आणि बाकीचा चकचकीत असेल तर तडा जुना होता आणि हळूहळू वाढला. सगळी तूट एकसारखी ताजी, दाणेदार असेल तर भाग एका फटक्यात गेला. पहिल्या प्रकारात कारण ओरखडा किंवा गंज. दुसऱ्या प्रकारात कारण जोर किंवा ठिसूळ पोलाद.

बोल्ट बसवणं: इथेच बहुतेकांचं चुकतं

नवीन बोल्ट डबीतून काढून सरळ आत टाकला आणि चालला, असं झालं तर तो योगायोग. सुटा विकला जाणारा बोल्ट मुद्दाम थोडा जाड, लांब पायांचा ठेवलेला असतो, कारण तो प्रत्येक बंदुकीला जुळवायचा असतो. आणि जुळवताना एक नियम मोडायचा नाही: कानस नेहमी नवीन, स्वस्त भागावर चालवायची. घोड्याचा कॅम, सिलिंडरच्या खाचा आणि फ्रेम यांना हात लावायचा नाही.

पहिलं माप डोक्याच्या रुंदीचं. बोल्टचं डोकं सिलिंडर बाहेर ठेवून सहाही खाचांत घालून पाहा. ते तळापर्यंत शिरायला हवं आणि आत गेल्यावर आडवं हलायला नको. डोकं रुंद असेल तर ते खाचेच्या कडांवर पाचरीसारखं अडकतं, वरवर पाहता कुलूप लागलेलं दिसतं आणि दोन-तीन गोळ्यांनी उसळून बाहेर येतं. नवीन बोल्टनेही सिलिंडर निसटतो तो यामुळे. मार्कर पेनने डोकं रंगवा, खाचेत दाबा, रंग कुठे पुसला ते बघा आणि तेवढंच ऑइलस्टोनवर घासा. पण कोणती बाजू घासता त्याला अर्थ आहे. डोक्याची एक बाजू कमी केली की सिलिंडर तेवढाच फिरून थांबतो, म्हणजे घर आणि नळी यांची सरळ रेघ बिघडते. ही रेघ तपासायला नळीच्या मापाचा गेज-रॉड लागतो. तो नसेल तर डोक्याचं काम कारागिरालाच द्या. चुकलं तर गोळीचा एक काठ नळीच्या तोंडाला घासून शिशाचे कण बाजूला उडतात.

डोक्याबरोबर फ्रेममधली त्याची खिडकी आणि बोल्टच्या स्क्रूचं भोकही बघा. बोल्ट नवा, डोकं खाचेत चपखल, तरी पूर्ण चढीवर सिलिंडर डावा-उजवा डुलतो, तर झीज खिडकीत किंवा भोकात आहे. तिथे दहा बोल्ट बदलूनही फरक पडणार नाही.

दुसरं माप पायाचं. घोडा मागे जाऊ लागला की कॅम बोल्टचा पाय वर उचलतो, त्यामुळे बोल्टचं डोकं खाली उतरतं आणि सिलिंडर मोकळा होतो. पुढे पाय कॅमच्या कडेवरून निसटतो आणि स्प्रिंग डोक्याला वर फेकते. तोच तिसरा टक. पाय लांब असेल तर तो उशिरा निसटतो, आखूड असेल तर लवकर. बोल्ट खाचेच्या आधीच्या उतरत्या चरात पडायला हवा, म्हणजे साधारण स्वतःच्या रुंदीइतका आधी. उशिरा पडला तर सिलिंडर वेगात पुढे निघून जातो, फार लवकर पडला तर कोऱ्या पृष्ठभागावर रेघ ओढतो. उशिरा पडणाऱ्या बोल्टचा पाय टोकाला घासून आखूड करतात, पण दोन-तीन हलके हात मारून पुन्हा जोडून पाहा. घासलेलं परत येत नाही. कंटाळा येतो, दहा-बारा वेळा उघडझाप होते, तरी दुसरा मार्ग नाही.

तिसरी गोष्ट पायाचा आडवा लवचिकपणा. घोडा पडताना कॅमचा उतार पायाला बाजूला सारून खाली जातो. म्हणजे प्रत्येक गोळीमागे हा पाय एकदा आडवा वाकून परत येतो. पायाच्या मुळाशी दोन पायांमधला कोपरा धारदार असेल किंवा तिथे कानशीचे आडवे ओरखडे राहिले असतील तर तडा तिथूनच सुरू होतो. नवीन बोल्ट बसवण्याआधी हा कोपरा गोल करा आणि ६०० मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पायाच्या लांबीच्या दिशेने गुळगुळीत करा. बोल्टचा पाय वारंवार तुटत असेल तर कॅमचा उतारही भिंगाखाली पाहा. तिथे उचललेली कड दिसली तर ती प्रत्येक वेळी पायाला ओरबाडते आहे. कोल्टमध्ये कॅम हा घोड्यात ठोकून बसवलेला वेगळा तुकडा असतो, तो बदलता येतो. मात्र ते काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडेच द्या.

हँड लांब की आखूड

१८७३च्या हँडला दोन टोकं असतात. वरचं टोक दात्याला फिरवायला सुरुवात करतं, खालचं पुढचा दाता पकडून फेरी पूर्ण करतं. एकच टोक घासलं तर एकाकडून दुसऱ्याकडे होणारी सुपूर्द बिघडते आणि सिलिंडर मध्येच गचका खातो. दारू ठासायच्या कोल्टच्या हँडला एकच टोक असतं, तिथे हे काम सोपं आहे.

बरोबर हँडची खूण अशी: घोडा सावकाश चढवताना सिलिंडर कुलूपबंद होणं आणि पूर्ण चढीचा आवाज येणं एकाच क्षणी व्हावं. सिलिंडरवर बोटाने अगदी हलका दाब ठेवून सहाही घरांवर हे पाहा. दाबाने सिलिंडर खाचेच्या अलीकडेच राहतो तर हँड आखूड किंवा टोकाला गोल झालाय. बोटाशिवाय घोडा झटकन चढवला तर ठीक आणि सावकाश चढवला तर अपुरा, असंही दिसतं. तिथे सिलिंडरचा वेग हँडची उणीव झाकतो. सावकाश चाचणीच खरी.

उलट दोष जास्त घातक आणि कमी ओळखला जातो. हँड लांब असेल तर सिलिंडर आधी कुलूपबंद होतो आणि घोड्याला अजून थोडं मागे यायचं असतं. आता घोडा ओढणाऱ्या अंगठ्याचा सगळा जोर हँडमधून दात्यांवर, दात्यांवरून सिलिंडरवर आणि शेवटी खाचेतल्या बोल्टवर येतो. म्हणजे घोड्याला थांबवायचं काम मुठीच्या मागच्या पट्टीऐवजी बोल्ट करतोय. खाचांच्या कडा फुगतात, बोल्टचं डोकं गोल होतं, हँडचं टोक चेपतं. मालक बोल्ट बदलतो, लांब हँड तसाच राहतो आणि बोल्ट पुन्हा जातो. तुमचा बोल्ट दुसऱ्यांदा गेला असेल तर हँडच्या लांबीवर पहिला संशय घ्या. पूर्ण चढीवर घोडा आणखी मागे दाबा. सिलिंडर बोल्टवर कचकन ताठरतोय असं जाणवलं तर हेच कारण आहे. दोन्ही टोकं सारख्या प्रमाणात, मूळ कोन राखून, प्रत्येक वेळी ०.०५ मिमीहून कमी घासा. सहा दात्यांपैकी जो सगळ्यात घट्ट आहे त्यावर घोडा कसाबसा पूर्ण चढला की थांबा. बाकीचे दाते थोडे सैल राहिले तरी चालतील.

कोल्टच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे १९७६नंतर, सिलिंडरमागचे दाते आणि हँड बदलले. आधीच्या पिढीचा हँड त्यात घालून जुळवत बसू नका. नकलांचंही तसंच: फक्त नमुन्याचं नाव पाहून भाग मागवू नका, बनवणारा आणि बंदुकीचं साल दोन्ही कळवा.

स्प्रिंग पुन्हा पुन्हा का तुटते

दोन पायांची पट्टीची स्प्रिंग ही या बंदुकीतली सर्वांत जास्त तुटणारी वस्तू. पाणी दिलेल्या पोलादाला आडवा ओरखडा सहन होत नाही. वाकण्याच्या दिशेला काटकोनात गेलेली कानशीची एक बारीक रेघ तडा सुरू करायला पुरेशी आहे. नवीन स्प्रिंग आणली की कडा हलक्या गोल करा आणि दोन्ही बाजू लांबीच्या दिशेने पॉलिश करा, जोवर एकही आडवी रेघ दिसत नाही. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि याने जेवढा फरक पडतो तेवढा महागडी स्प्रिंग घेऊन पडत नाही.

मग मार्करने पाय रंगवून बसवा, वीसेक वेळा घोडा चढवून उतरवा आणि काढून पाहा. पायाची कड फ्रेमच्या भिंतीला घासत असेल तर तिथला रंग गेलेला असेल. तेवढी कड कमी करा. स्प्रिंगचा स्क्रू घट्ट हवा, पण पिळून आवळलेला नको. आवळताना स्प्रिंग वळून एका बाजूला सरकते आणि एक पाय कायम तिरका राहतो.

चाप हलका करायला लोक ही स्प्रिंग घासून पातळ करतात. ते करू नका. पट्टीची ताकद रुंदीच्या सरळ प्रमाणात असते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. जाडी १० टक्के कमी केली की ताकद सुमारे २७ टक्क्यांनी घटते. हाताने घासताना जाडी सगळीकडे सारखी राहतच नाही, आणि जिथे ती कमी होते तिथे सगळा वाक गोळा होऊन स्प्रिंग तुटते. कमी करायचीच तर रुंदी कमी करा. तीही फक्त चापाकडच्या पायाची. बोल्टकडचा पाय अशक्त झाला की बोल्ट आळसाने वर येतो आणि वेगात चढवलेल्या घोड्यावर सिलिंडर निसटतो. त्याचं लक्षण झिजलेल्या बोल्टसारखंच दिसतं, म्हणून हा दोष फार फसवतो.

पट्टीऐवजी तारेची स्प्रिंग मिळते. ती त्याच स्क्रूखाली बसते आणि सहसा कितीतरी जास्त टिकते. रोज वापरायच्या बंदुकीसाठी ती निःसंशय चांगली. बसवल्यावर बोल्ट किती जोरात वर येतो ते मात्र तपासा, काही फारच हलक्या असतात. जुन्या, मौल्यवान बंदुकीत मूळची पट्टीच ठेवावी.

हँडची पातळ स्प्रिंग हँडच्या चिरेत ठोकून बसवलेली असते. नवीन बसवताना चीर साफ करा, स्प्रिंग सरळ आत सरकवा आणि बारीक पंचने चिरेच्या कडा हलकेच मिटवा. जोरात ठोकली की स्प्रिंग मुळाशीच दुखावते. ही वारंवार तुटत असेल तर ती जास्त वाकवून बसवली जातेय. हँड पुढे ढकलण्यापुरताच बाक हवा. फ्रेममध्ये भोक पाडून गुंडाळीची स्प्रिंग आणि दट्ट्या बसवण्याची पद्धतही आहे आणि ती जवळजवळ अमर ठरते. पण ते भोक चुकलं तर फ्रेम गेली, म्हणून ते यंत्रावरच करून घ्यावं.

चापाचं टोक आणि घोड्याच्या खाचा

चापाचं टोक सुरक्षेच्या अरुंद खाचेत मावावं म्हणून मुळातच बारीक असतं. त्या खाचेवर घोडा ठेवून बंदूक पडली की ते मोडतं आणि त्याच क्षणी गोळी सुटू शकते. म्हणूनच ट्रान्स्फर बार नसलेल्या बंदुकीत पाचच काडतुसं भरून घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात. रुगरच्या १९७३पूर्वीच्या बंदुकींनाही हेच लागू आहे, त्यांना ट्रान्स्फर बारची जोड बसवून देण्याची सोय कारखाना स्वतः ठेवतो.

घोड्याच्या खाचा घासून चाप हलका करण्याच्या वाटेला जाऊ नका. पुष्कळ बंदुकींत घोडा आणि चाप फक्त वरच्या थरात कडक केलेले असतात. तो थर घासला गेला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं, काही दिवस चाप लोण्यासारखा लागतो आणि मग घोडा आपोआप सुटू लागतो. चापाची ओढ १.४ किलोच्या खाली नेऊ नका.

जोडणी आणि परीक्षा

उलट क्रमाने जोडा. आडव्या स्क्रूंवर तेलाचा थेंब, कॅमवर आणि घोड्याच्या तळाच्या रोलरवर किंचित ग्रीस, बाकी कोरडं. बाहेरचे स्क्रू धक्क्याने सैल होतात. त्यांना काढता येण्याजोग्या सौम्य प्रकारच्या लॉकिंग द्रवाचा एकच थेंब पुरे. चापाचा आडवा स्क्रू थोडा जरी बाहेर आला तरी वरचे सगळे बिघाड एकदम झाल्यासारखं वाटतं, तेव्हा दर वेळी तो आधी पाहा.

मग डमी काडतुसं घालून:

अर्ध्या चढीवर चाप पक्का दाबा, घोडा हलता कामा नये. पूर्ण चढीवर चापाला हात न लावता घोडा अंगठ्याने पुढे ढकला, तो सुटता कामा नये. सहाही घरांवर सावकाश, मग झटकन, मग सिलिंडरला बोट लावून घोडा चढवा. तिन्ही वेळा कुलूप लागलं पाहिजे. नळी वर, खाली आणि आडवी धरून पुन्हा तेच. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट फीलर गेजने (फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.१० ते ०.२० मिमी आणि सिलिंडरचा पुढे-मागे खेळ ०.०५ मिमीच्या आत असेल तर ठीक. खेळ जास्त असेल तर हँड प्रत्येक वेळी वेगळ्या जागी दात्याला भिडतो आणि तुम्ही केलेली जुळवणी टिकत नाही. अशा वेळी आधी बुश बदलावं लागतं, हँड त्यानंतर.

यातली एक जरी परीक्षा चुकली तर खरं काडतूस घालू नका. सगळ्या उतरल्या तर गोळीबाराच्या मैदानावर पहिल्यांदा एकच काडतूस भरा, मग दोन, मग पाच. पन्नासेक गोळ्यांनंतर पुन्हा उघडा आणि बोल्टच्या पायाचं मूळ, खाचांच्या कडा आणि हँडची टोकं भिंगाखाली पाहा. बोल्टचं डोकं एका बाजूला चमकतंय आणि दुसऱ्या बाजूला काळंच आहे, तर हँड अजून लांब आहे. दोन्ही बाजू सारख्या मंद चमकत असतील तर जुळवणी बसली.